आधी कारण, मग पंप

नव्या बाळंतिणीच्या मनात ब्रेस्ट पंपाबद्दल पहिला प्रश्न येतो तो ‘कुठला घेऊ?’ हा. मैत्रीण, नणंद, औषधाच्या दुकानातला माणूस, मोबाइलवरची जाहिरात, सगळे याच प्रश्नाचे उत्तर द्यायला तयार असतात. हाताने दाबायचा घ्या, विजेवरचा घ्या, दोन्ही बाजूंचा घ्या, कपड्यांच्या आत बसणारा घ्या. या पुस्तकाची भूमिका अशी की हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. त्याच्या आधी तीन प्रश्न येतात. दूध काढायचे कशासाठी? आई आणि बाळ एकमेकांपासून किती तास आणि किती दिवस दूर राहणार आहेत? काढलेले दूध ठेवायला, भांडी धुवायला आणि बाळाला पाजायला घरात काय आहे आणि कोण आहे? एवढी उत्तरे हाती आली की पंपाची निवड फारशी अवघड उरत नाही. पुष्कळ घरांत तर पंपाची गरजच नाही, हात पुरेसे आहेत, असे उत्तर निघते. काही घरांत मात्र चांगला पंप मिळाला नाही तर बाळाचे नुकसान होते, आणि त्या घरांना तो विकत घेणे बहुधा परवडत नाही. गरज आणि खरेदी यांची अशी फारकत झाली आहे. ती दाखवणे आणि शक्य तेवढी कमी करणे हा या लेखनामागचा हेतू आहे.

रायगडचा किनारा त्यासाठी मुद्दाम निवडला. उरणपासून हरिहरेश्वरापर्यंतचा हा पट्टा खाड्यांनी जागोजागी तोडलेला आहे. नकाशावर समोरासमोर दिसणारी गावे रस्त्याने दूर पडतात, आणि मुंबई समोर दिसत असूनही गेटवे–मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असते. इथे आई आणि बाळ दुरावण्याची कारणे एका साच्यातली नाहीत. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेले बाळ अलिबागला किंवा पुढे नवी मुंबईला ‘काचेच्या पेटीत’ असते आणि आई टाके घेऊन दुसऱ्या वॉर्डात किंवा गावी असते. थळ, वरसोली, रेवदंडा, राजपुरी इथली कोळीण पहाटे म्हावरं घ्यायला बंदरावर जाते, तिथून पाटी घेऊन बाजारात बसते आणि दुपारनंतर घरी येते. अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षिका, परिचारिका, उरणच्या बंदर परिसरातल्या गोदामांत काम करणाऱ्या मुली ठरलेल्या वेळी घर सोडतात. नागाव, काशीद, दिवेआगरच्या घरगुती खाणावळींत शनिवार-रविवारी पर्यटकांच्या पंगती उठेपर्यंत स्वयंपाकघरातल्या बाईला हलता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि उरणपर्यंत लोकल आली, तेव्हापासून रोज मुंबई-नवी मुंबईला जाऊन येणे अधिक जणींना शक्य झाले आहे. कामाची संधी वाढली तसा बाळापासून दूर राहण्याचा वेळही वाढला. या सगळ्या बायांना एकच यंत्र सुचवणे हा सल्लाच नव्हे.

दूध कसे तयार होते हे नीट कळले की पंपाबद्दलचे निम्मे गैरसमज गळून पडतात. बाळ ओढू लागते तेव्हा आईच्या शरीरात दोन संप्रेरके काम करतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो, म्हणजे साठलेले दूध बाहेर येते. पान्ह्यावर मनाचा परिणाम होतो. भीती, वेदना, अवघडलेपण असेल तर स्तनात दूध असूनही ते सुटत नाही. बाळाचा वास, स्पर्श, रडणे यांनी ते सुटते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: भरलेल्या स्तनात दूध तयार होण्याचा वेग मंदावतो आणि रिकामा होणाऱ्या स्तनात तो वाढतो. म्हणून अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी यांनी बाळंतिणीचे पोषण होते आणि ते जरूर व्हावे; पण दूध निघालेच नाही तर लाडवाने ते वाढत नाही. पहिल्या दिवसांतला चीक थेंबाथेंबानेच येतो आणि नवजात बाळाला तेवढाच लागतो. एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसाला सरासरी ७५० मिलिलिटरच्या आसपास दूध पिते, आणि तेही दिवसभरात थोडे थोडे करून. पाजून झाल्यावर पंप लावला आणि बाटलीचा तळ जेमतेम झाकला, तर त्यावरून ‘दूध पुरत नाही’ असा निष्कर्ष काढायचा नसतो. बाळाची लघवी, वजन आणि तरतरी हेच माप. पंपात आलेले दूध म्हणजे आईकडचे सगळे दूध, ही समजूत ‘वरचे दूध’ सुरू होण्याचे एक मोठे कारण आहे, आणि ती पंपामुळेच पसरते हे या यंत्राचा पुरस्कार करणाऱ्यांनी मान्य करायला हवे.

पंपाचा इतिहास पाहिला तर दर टप्प्यावर यंत्र बदलले ते कारण बदलल्यामुळे, असे दिसते. अमेरिकेत १८५४ मध्ये ओ. एच. नीडहॅम यांना अशा पंपाचे पेटंट मिळाले. त्या काळात आणि पुढेही काचेची वाटी आणि रबरी फुगा असलेली साधने दाटलेले दूध काढायला आणि आत ओढलेली बोंडशी बाहेर आणायला वापरली जात. १९२० च्या दशकात एडवर्ड लास्कर या बुद्धिबळपटू अभियंत्याने विजेवरचा पंप बनवला. तो इस्पितळात अशक्त, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी वापरला गेला. १९५६ मध्ये स्वीडनच्या आयनार एग्नेल या अभियंत्याने आईला इजा होणार नाही इतक्याच मर्यादित दाबाने ओढणारा आणि तालात सोडणारा पंप तयार केला. आजच्या चांगल्या पंपांचे मूळ तिथे आहे. १९६१ मध्ये ओले लार्सन यांनी स्वित्झर्लंडमध्ये काढलेल्या कंपनीने १९९० च्या दशकात घरी आणि कामावर नेता येईल असा विजेचा पंप बाजारात आणला. त्यामागे पगारी रजेशिवाय कामावर परतणारी अमेरिकन आई होती. ब्राच्या आत बसणारे, बिनवायरचे पंप २०१७-१८ पासून आले. म्हणजे आजाराच्या उपायापासून सुरुवात झाली, मग इस्पितळातले अशक्त बाळ केंद्रस्थानी आले, आणि शेवटी नोकरी करणारी आई. तिन्ही गरजा आजही शिल्लक आहेत, पण बाजारात आवाज फक्त तिसरीचा ऐकू येतो.

आपल्याकडचा प्रवाह वेगळ्या वाटेने आला आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. महापालिकेच्या रुग्णालयात, गरीब वस्त्यांतून आलेल्या आयांच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ती होती. दात्या आयांचे दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवून, तपासून, गोठवून ठेवायचे ही तिची मूळ पद्धत. डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्याला ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया या संघटनेची स्थापना झाली, आणि १९९२ मध्ये शिशुदुग्ध-पर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्या विक्रीवर व जाहिरातीवर बंधने घालणारा कायदा झाला. २००३ मध्ये तो अधिक कडक केला गेला. १९९३ मध्ये दावणगेरेच्या डॉ. निर्मला केसरी आणि सहकाऱ्यांनी आत ओढलेल्या बोंडशीसाठी साध्या सिरिंजचा उपाय प्रसिद्ध केला: सिरिंजचे सुईकडचे टोक कापायचे, दट्ट्या त्या बाजूने आत घालायचा आणि गुळगुळीत कड बोंडशीभोवती ठेवून हलके ओढायचे. ज्या कामासाठी परदेशात काचेचे पंप होते ते काम इथे काही रुपयांत झाले. २०१६ मध्ये स्तनपानाला प्रोत्साहन देणारा केंद्राचा ‘मा’ कार्यक्रम आला आणि २०१७ मध्ये सरकारी रुग्णालयांत दुग्धपेढ्या व दूध काढण्याची केंद्रे उभारण्याची राष्ट्रीय मार्गदर्शिका. आयआयटी मुंबईतून डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या ध्वनिचित्रफितींनी बाळाला छातीशी धरायची योग्य पद्धत अनेक भारतीय भाषांत पोचवली. या सगळ्या कामात पंप हे एक साधन आहे. मुख्य भर शिकवण्यावर आणि सोबत करण्यावर राहिला.

त्यामुळे आज या विषयात तीन मतप्रवाह दिसतात. पहिला हातांवर विश्वास ठेवतो: प्रत्येक आईला हाताने दूध काढता आले पाहिजे, कारण हात सदैव जवळ असतात आणि उकळत बसावे लागत नाहीत. दुसरा नवजात अतिदक्षता कक्षांत वाढला. जे बाळ ओढूच शकत नाही त्याच्या आईला दिवसाला आठ ते बारा वेळा, रात्री धरून, आठवडेच्या आठवडे दूध काढावे लागते. तिला दोन्ही बाजूंचा, मजबूत, अनेकींना सुरक्षितपणे वापरता येणारा इस्पितळी पंप हवाच, असे तो सांगतो. तिसरा प्रवाह बाजाराचा, आणि त्याचे म्हणणे असे की पंप हे आईचे स्वातंत्र्य आहे. उपलब्ध संशोधन यांच्यापैकी कोणालाही सरसकट कौल देत नाही. दूध काढण्याच्या पद्धतींवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये आढावा घेतला. कोणती पद्धत योग्य हे प्रसूतीनंतर किती काळ गेला, दूध कशासाठी काढायचे आणि ती आई व ते बाळ कसे आहे यावर ठरते, असे त्यात म्हटले आहे. लवकर सुरुवात, मालीश, ऊब, मन शांत करणारे संगीत, हाताने काढणे आणि कमी किमतीचे पंप हे काही बाबतींत मोठ्या विजेच्या पंपाइतकेच किंवा त्याहून चांगले ठरू शकतात, असाही त्याचा निष्कर्ष आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉ. जेन मॉर्टन यांनी २००९ मध्ये दाखवले की पंप लावतानाच हातांनी दाबत राहिले आणि सुरुवातीच्या दिवसांत हातानेही दूध काढले, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांना जास्त दूध येते. म्हणजे पहिले दोन प्रवाह एकमेकांचे विरोधक नाहीत. हाताचे कौशल्य हा पाया, आणि कारण जेवढे मोठे तेवढे यंत्र त्यावर चढवायचे.

हा क्रम व्यवहारात कसा दिसतो ते सांगतो. छातीत दूध दाटले आहे, गाठ येते आहे किंवा पहिला चीक काढायचा आहे, तर हात पुरतात. स्वच्छ धुतलेल्या हाताचा अंगठा वर, पहिले बोट खाली, दोन्ही गडद भागाच्या कडेपाशी. आधी छातीच्या दिशेने मागे दाबायचे, मग बोटे एकमेकांकडे आणायची, सोडायचे, पुन्हा तेच. कातडीवरून बोटे घसरवायची नाहीत, बोंडशी ओढायची नाही. एका बाजूची धार मंदावली की दुसरी बाजू, मग पुन्हा पहिली, बोटांची जागा फिरवत. खाली उकळलेली, रुंद तोंडाची वाटी. पहिल्या मिनिटात काहीच येत नाही आणि तिथेच बहुतेक जणी सोडून देतात. थोडे थांबले की धार लागते. आठवड्यातून एखाद-दोन दिवस काही तास बाहेर राहायचे असेल तर दांडा दाबून चालवायचा साधा पंप पुरे. रोज आठ-नऊ तास बाहेर असणाऱ्या आईला दोन्ही बाजूंचा विजेवरचा किंवा बॅटरीवरचा पंप वेळ वाचवतो, आणि कामाच्या जागी वेळ हीच सर्वांत महाग गोष्ट असते. ज्यात दूध मोटारीकडे जाणारच नाही असा पडदा आहे तोच पंप घ्यावा. तसा पडदा नसलेला, दुसऱ्या बाईने वापरलेला घरगुती पंप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. रबरी फुगा दाबायचा भोंग्यासारखा पंप अजून दुकानांत मिळतो. फुग्याच्या आत दूध शिरते, ते धुता येत नाही, आणि ओढ किती बसते यावर काबू राहत नाही. तो कोणीच वापरू नये. महाग पंपसुद्धा छातीवर बसणाऱ्या फनेलचे माप चुकले तर दुखवतो आणि कमी दूध देतो: बोंडशी नळीत मोकळी पुढेमागे हलली पाहिजे, भोवतालची कातडी फार आत खेचली जाता कामा नये. ओढ जास्त म्हणजे दूध जास्त, हेही खरे नाही. बाळ सुरुवातीला भरभर ओठ हलवते आणि पान्हा फुटल्यावर सावकाश, खोल ओढते. पंपाचा तालही तसाच हलका-जलद सुरू करून मग संथ करायचा, आणि दुखणार नाही इथपर्यंतच वाढवायचा.

पण विकत घेण्याशी विषय संपत नाही. या किनाऱ्यावर खरी परीक्षा पाणी, उष्मा आणि वीज घेतात. पेण-अलिबागच्या खारेपाटात पिण्याचे पाणी हीच वर्षानुवर्षांची तक्रार आहे. दर वेळी सुटे भाग वेगळे करून साबणाने धुवायचे, दिवसातून एकदा उकळायचे आणि स्वच्छ कपड्यावर पूर्ण वाळवायचे, तर जितके भाग जास्त तितके पाणी जास्त. नीट न धुतलेल्या पंपाच्या भागांतून क्रोनोबॅक्टर हा जंतू बाळापर्यंत गेल्याचे अमेरिकेत २०१६ मध्ये आढळले, आणि त्यानंतर तिथल्या आरोग्य यंत्रणेने पंप धुण्याचे सविस्तर नियम काढले. धुवायची सोय नसेल तिथे हात आणि एक वाटी हाच सुरक्षित पर्याय. ताजे काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या हवेत चार तास, फ्रीजमध्ये ४ अंशांवर चार दिवस टिकते, असा सर्वसाधारण नियम आहे. एप्रिल-मेमध्ये कोकणातले घर २५ अंशांचे नसते, म्हणून इथे त्याहून कमी वेळ धरावा. गोठवलेल्या बर्फाच्या पाकिटांसह बंद थंडपेटीत दूध एक दिवस नेता येते. कोळीवाड्यात बर्फाला तोटा नाही, पण म्हावऱ्याच्या बर्फात दुधाचे भांडे ठेवायचे नाही. फ्रीजमध्ये दूध दारात ठेवायचे नाही, आतल्या भागात ठेवायचे, आणि जिथे वीज रोज जाते तिथे त्याच दिवशी संपवायचे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागांतली अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात होती. अशा दिवसांत फ्रीज आणि चार्जर निरुपयोगी ठरतात, डब्याच्या दुधाला स्वच्छ पाणी मिळत नाही, आणि छातीशी धरलेले बाळ व हाताने काढता येणारे दूध एवढेच भरवशाचे उरते. विजेचा पंप वापरणाऱ्या आईलाही हाताची पद्धत आलीच पाहिजे, हा आग्रह यासाठी आहे.

घरातली वडीलधारी मंडळी एक शंका हमखास काढतात: काढून ठेवलेले दूध शिळे, ते बाळाला कसे द्यायचे? ही शंका हेटाळणीने उडवून लावण्यासारखी नाही. गाईम्हशीचे दूध दमट हवेत किती पटकन नासते हे त्यांनी आयुष्यभर पाहिले आहे. त्यांना सांगायचे ते एवढेच की आईच्या दुधात जंतूंना रोखणारे जिवंत घटक असतात, म्हणून ते नियम पाळून ठेवल्यास टिकते. साय वर आली, दोन थर दिसले तर ते नासलेले नसते. हलकेच फिरवले की एकजीव होते. घरातल्या सवयीप्रमाणे ते गॅसवर उकळू मात्र नये, कारण उकळण्याने ते संरक्षक घटकच नष्ट होतात. कोमट पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून ऊब द्यावी. आणि पाजायला बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आजीच्या काळातले बोंडले घ्यावे. ते धुवायला सोपे, आणि बाटलीच्या निपलची सवय लागून बाळ छातीशी ओढायला कंटाळेल ही भीती राहत नाही. पंपाच्या खोक्यात बहुधा बाटली सोबत येते. बाटलीच्या जाहिरातीवर कायद्याने बंदी आहे, पंप त्या कायद्याच्या बाहेर आहे, आणि त्या फटीतून बाटली घरात शिरते. आणखी एक इशारा: मे २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मातृदुग्धाच्या व्यापारी विक्रीला परवानगी नसल्याचे स्पष्ट केले. जास्तीचे दूध रुग्णालयाच्या दुग्धपेढीला द्यावे. ओळखीपाळखीतून, तपासणीशिवाय देवाणघेवाण करू नये.

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. पंपाचा प्रसार म्हणजे रजा आणि पाळणाघर मागण्याऐवजी आईलाच यंत्र बांधून कामावर पाठवणे, असे अनेकांना वाटते. अमेरिकी इतिहासकार जिल लेपोर यांनी २००९ मध्ये न्यूयॉर्कर या नियतकालिकात हाच मुद्दा मांडला होता. त्या देशात पगारी बाळंतपणाची राष्ट्रीय रजा नाही आणि पंप मात्र घरोघर आहेत, हे त्यांचे निरीक्षण आजही खोडता येत नाही. आपल्याकडे १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा, शिवाय बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या, असे हक्क आहेत. पण त्या २६ आठवड्यांपैकी आठ प्रसूतीआधी घेतले तर मागे १८ उरतात. सहा महिने फक्त आईचे दूध हा सल्ला तिथेच अडतो. आणि पाटी घेऊन बसणाऱ्या कोळणीला, खाणावळीतल्या बाईला ही रजाच नाही. तिच्या वाट्याला पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये येतात. रायगड गडाच्या हिरकणीची कथा सर्वांना ठाऊक आहे: दूध विकायला आलेली गवळण, कोजागिरीच्या संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, आणि तान्ह्या बाळासाठी उतरलेला कडा. तिच्या नावाने राज्यातल्या एसटी स्थानकांत आणि सरकारी कार्यालयांत हिरकणी कक्ष झाले, ही चांगली गोष्ट. मात्र कक्ष म्हणजे पाटी लावलेली खोली नव्हे. आत बसायला खुर्ची, हात धुवायला पाणी, आतून कडी आणि विजेचा प्लग असला तरच तिथे दूध काढता येते. तेव्हा आक्षेपाला माझे उत्तर असे: पंप रजेची जागा घेऊ शकत नाही, आणि कोणी मालक तसे सुचवत असेल तर ते नाकारलेच पाहिजे. पण रजेचा लढा पूर्ण होईपर्यंत आजच्या बाळाला थांबवता येत नाही. ज्या आईला उद्या पहाटे बंदरावर जायचे आहे तिला दूध काढण्याची कला न शिकवणे हे तिच्या हक्कांचे रक्षण नव्हे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, डबा आहेच. डब्याची गरज काही बाळांना खरोखर असते आणि त्यांच्या आयांना अपराधी वाटायला लावणे क्रूरपणाचे आहे. तरी पुरावा स्पष्ट आहे. स्तनपान जवळजवळ सार्वत्रिक झाले तर जगात दरवर्षी पाच वर्षांखालील ८,२३,००० बालमृत्यू टळू शकतात, असा अंदाज लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०१६ च्या लेखमालेने दिला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आतडी सडण्याच्या जीवघेण्या आजाराचा धोका आईच्या दुधाने कमी होतो. सहा महिन्यांखालील बाळांना फक्त आईचे दूध देण्याचे देशातले प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५४.९ टक्क्यांवरून (२०१५-१६) ६३.७ टक्क्यांवर (२०१९-२१) आले. मात्र जन्मानंतर पहिल्या तासात छातीशी लावल्या गेलेल्या बाळांचे प्रमाण ४१.८ टक्केच होते, तेही ८८ टक्क्यांहून अधिक बाळंतपणे दवाखान्यात झाली असताना. पहिल्या तासाला डॉक्टर आणि परिचारिका हाताशी असूनही तो तास हातचा जातो, आणि मग तिसऱ्या महिन्यात पंपाने त्याची भरपाई शोधली जाते. जिथे सुरुवातीला योग्य पकड शिकवली जाते तिथे पंपाची मागणीच कमी होते.

या पुस्तकाने म्हणूनच वस्तूंची क्रमवारी लावलेली नाही. नमुने वर्षागणिक बदलतात, किमती महिन्यागणिक. इथे कारणांची मांडणी आहे: बाळ रुग्णालयात आहे, आई कामावर आहे, दूध दाटले आहे, बाळ ओढत नाही, आई आजारी आहे. प्रत्येक ठिकाणी आधी काय करून पाहायचे, कधी हात, कधी यंत्र, आणि कधी तडक डॉक्टर गाठायचा, हे सांगितले आहे. भाषा अंगणवाडीत मोठ्याने वाचता येईल अशी ठेवली आहे, कारण बाळंतपणानंतर घरी येणारी आशा ही या किनाऱ्यावरची सर्वांत जवळची सल्लागार आहे. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांत तिच्या सहा भेटी ठरलेल्या असतात. त्यातल्या एका भेटीत तिने हाताने दूध काढणे प्रत्यक्ष करवून घेतले, तर अनेक घरांतली पंपाची खरेदी टळेल आणि अनेक बाळांचे दूध वाचेल. बाप, आजी, सासू यांच्यासाठीही मजकूर आहे: भाग उकळणे, वेळ लिहून ठेवणे, वाटीने पाजणे ही कामे आईने करावीत असा काही नियम नाही.

शेवटी मागणे तीन ठिकाणी आहे. आईकडे: पैसे काढण्यापूर्वी आपले कारण ठरवा, आणि हाताने दूध काढायला शिकून घ्या. कामाच्या जागेकडे: बंद होणारे दार, पाणी आणि अर्धा तास द्या, हा उपकार नाही. आणि सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडे: ज्यांचे बाळ काचेच्या पेटीत आहे त्या आयांसाठी जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत इस्पितळी पंप, तो चालवायला शिकवणारी परिचारिका आणि बाळाजवळ बसायची परवानगी असू द्या. सर्वांत चांगला पंप सर्वांत अशक्त बाळाच्या आईला मोफत मिळावा, मग तिचे घर पनवेलला असो की बागमांडल्याला. १९८९ साली शीवच्या महापालिका रुग्णालयाने दूध ही सार्वजनिक जबाबदारी आहे हे करून दाखवले. ती जबाबदारी खाडीच्या या बाजूलाही तितक्याच निष्ठेने पार पाडता येईल, आणि ती पार पाडायला लावण्याइतकी माहिती प्रत्येक आईच्या हाती असावी, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.